भर पावसात चूल पेटवायला अर्धा लिटर रॉकेल पुरेल का?

ट्रेकला रॉकेल नेऊच नका. अर्धा काय, दोन लिटर ओतलंत तरी ते भडकून वरच्या वर जळून जाईल आणि खाली लाकूड तसंच धुमसत राहील. आतलं पाणी १०० अंशांना उकळून निघून जात नाही तोवर लाकूड त्यापुढे तापत नाही, आणि पेटायला त्याला ३०० अंशांच्या आसपास जावं लागतं. रॉकेलचा जाळ तेवढा वेळ टिकत नाही.

हे मी आमच्या ग्रुपच्या लीडरला राजगड-तोरणा करताना सांगत होतो. जुलै महिना, संजीवनी माची उतरून सोंडेवर आलो तेव्हा अंधार झालेला. एका धनगराच्या घराने पडवीत जागा दिली. त्यांच्याकडे कोरडं सरपण होतं, पण ते मागायचं नाही असं माझं म्हणणं होतं आणि आजही आहे. पावसाळ्याची बेगमी उन्हाळाभर डोक्यावरून वाहून आणलेली असते, ती आपल्या मॅगीसाठी जाळायची नसते. लीडरने भिजलेला ओंडका ठेवला, बाटली उपडी केली, मोठा भडका झाला आणि विझला. परत ओतलं, परत तेच. पडवीभर धूर, घरातली पोरं खोकायला लागली.

मी घरातल्या आजींकडून कोयता मागून घेतला. जमिनीवर पडलेलं लाकूड घेतलंच नाही. उभ्या वाळलेल्या झाडाची मनगटाएवढी फांदी तोडून आणली. अशा फांदीची साल आणि वरचा थरच भिजतो. साल काढली, उभी चिरली, आतला गाभा कोरडा निघाला. त्याच्या उदबत्तीच्या काडीएवढ्या ढलप्या काढल्या, भरपूर काढल्या. लोक इथेच कंटाळतात, मूठभर काढून थांबतात. खाली जाड काटक्यांची बैठक केली, कारण ओली जमीन ऊब खाते. कापराच्या वड्या, त्यावर ढलप्या, मग करंगळीएवढ्या काटक्या. पुढचं लाकूड चुलीला टेकवून वाळत ठेवलं. फुंकणी आजींनी स्वतःहून आणून दिली आणि म्हणाल्या, "आता घे, घाई करू नको." चहा झाला, खिचडी झाली, मोजे वाळले.

लीडर अजूनही सांगतो की आधी ओतलेल्या रॉकेलमुळेच ती चूल पेटली. साफ खोटं आहे. त्याचे दगड काढून मी चूल दुसऱ्या कोपऱ्यात मांडली होती, आणि त्याच्या ओंडक्याची साल सकाळीसुद्धा ओली होती. तेव्हा तुमच्या ग्रुपमध्ये कुणी बाटली काढली तर त्याला कोयता द्या आणि फांदी चिरायला बसवा. कापूर नसेल तर सायकलच्या ट्यूबचा तुकडा चालतो, भर पावसातही जळतो; वास मात्र घाण येतो, त्यावर काही भाजू नका.

दगड ओढ्यातले घेऊ नका, आत मुरलेल्या पाण्याची वाफ होऊन ते फुटतात. तंबूत चूल किंवा बर्नर अजिबात नको, कोंडलेल्या कार्बन मोनॉक्साइड वायूने झोपेत माणूस जातो, त्याला वासही नसतो. कोरीव लेण्यांत पेटवू नका, काजळी निघत नाही. आणि हरिश्चंद्रगड, भीमाशंकरसारख्या अभयारण्यात जाणार असाल तर आधी वनखात्याला विचारा. नाही म्हणाले तर चुलीचा विषय सोडा आणि गावातल्या घरी सांगून जेवण करून घ्या.