झोप लागतानाची चित्रं पकडायची तर

भावा, रात्री नको, जेवून दुपारी दोनला बस. आरामखुर्चीतच, आडवा झालास की थेट घोरशील. हात बाहेर लोंबता, चिमटीत स्टीलचा चमचा, खाली फरशीवर पालथं ताट. स्नायू सैल पडले की चमचा सुटतो, खणकन जाग येते. डोळे मिटूनच दिसलेलं पुटपुट, मोबाईलवर रेकॉर्डिंग चालू ठेव. मिनिटभरात सगळं विरतं. नवखे चमचा मुठीत आवळतात, मग तो पडतच नाही.

जाग आली पण अंग हलेना, छातीवर कुणी बसल्यागत वाटलं, तर अंगारा-धुपारा नको. स्वप्नांच्या झोपेतली स्नायूंची शिथिलता जाग आल्यावरही थोडी रेंगाळते, एवढंच. बेळगावच्या उद्यमबागेतल्या कारखान्यांत पाळ्या बदलणाऱ्यांना, अपुऱ्या झोपेत, उताणं झोपल्यावर हे जास्त. श्वास संथ ठेव, एखादं बोट हलवून बघ. पुढे कुशीवर झोप. दिवसाही झोप अनावर होत असेल तर मात्र डॉक्टरांना दाखव.