तास तेवढेच, रात्री कमी : उन्हाळी रशियन वर्गाविषयी वाचकांचे प्रश्न

(रशियन शब्द इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिले आहेत. शेवटचा 'त्य' म्हणजे मृदू त. त्यातला य वेगळा उच्चारायचा नाही.)

प्रश्न : दुसऱ्या वर्षाचा रशियनचा अभ्यासक्रम उन्हाळ्यात आठ आठवड्यांत घ्यायचा आहे. आठवड्याला पाच दिवस, रोज चार तास. वर्षभराच्या पुस्तकाचे चाळीस भाग पाडून रोज एक घेतला तर चालेल ना?

नाही चालणार. हिशेब १६० तासांचा आहे आणि कागदावर तो वर्षाच्या तासांइतका भरतो, हे खरं. पण वर्षभरात शिकवलेलं रूप विद्यार्थी चार वेळा विसरतो आणि पाचव्यांदा त्याला ते पक्कं येतं. त्यासाठी मध्ये दिवस जावे लागतात. इथे तास तेवढेच आहेत, रात्री मात्र छप्पन्नच. त्यामुळे पुस्तक संपतं आणि मुलांना काहीच बोलता येत नाही, हा उन्हाळी वर्गाचा नेहमीचा शेवट.

म्हणून आधी कात्री चालवा. बोलता-लिहिता आलंच पाहिजे अशा गोष्टी तीनच ठेवा: क्रियापदाचे पूर्ण-अपूर्ण प्रकार, म्हणजे ज्याला रशियनमध्ये 'वीत' म्हणतात ते; जाण्यायेण्याची क्रियापदं; आणि विभक्तींची अनेकवचनं, त्यातही षष्ठी. बाकी सगळं वाचताना ओळखता आलं की पुरे.

रोजच्या चार तासिका पन्नास मिनिटांच्या धरा. पहिलीत नवीन काही नाही. आठ वाक्यं लिहायला द्या: तीन कालची, तीन तीन दिवसांपूर्वीची, दोन गेल्या आठवड्यातली. बारा मिनिटांत लिहून होतात, उरलेला वेळ चुकांवर घालवा. दुसरीत व्याकरणाचा एकच नवा मुद्दा. तिसरीत पुस्तक बंद, फक्त बोलणं, जोड्या दर दहा मिनिटांनी बदलायच्या. चौथीत वाचन किंवा ऐकणं. घरचा अभ्यास अडीच-तीन तासांहून जास्त दिलात तर मुलं तो एकमेकांचा उतरवतात, झोप मोडतात आणि दुसऱ्या दिवशीची तिसरी तासिका वाया जाते.

चौथ्या आठवड्याच्या अखेरीस वर्ग हमखास बसतो. आधी बरोबर येणाऱ्या विभक्तीही चुकू लागतात. घाबरू नका, पाचव्या आठवड्यात नवं व्याकरण ठेवूच नका. आराखडा करतानाच तो आठवडा रिकामा सोडा. नंतर जागा काढू म्हटलं की ती निघत नाही.

प्रश्न : रोज किती नवे शब्द द्यावेत? विद्यार्थ्यांना आठ आठवड्यांत मधली पातळी गाठायची आहे.

परदेशी विद्यार्थ्यांसाठीच्या रशियनच्या प्रमाणित परीक्षेत मूलभूत पातळीला १३०० शब्द धरले आहेत आणि तिच्या वरच्या पहिल्या प्रमाणपत्र पातळीला, म्हणजे तुमच्या मधल्या पातळीला, २३००. फरक हजाराचा. चाळीस दिवसांत तो भरायचा तर रोज पंचवीस शब्द, आणि पंचवीस कोणालाच पेलत नाहीत. रोज बारा ते पंधरा शब्द वापरण्यासाठी द्या, आणखी आठ-दहा नुसते ओळखण्यासाठी, आणि हा भेद यादीतच दाखवा. क्रियापद कधीही एकटं देऊ नका. त्याची पूर्ण-अपूर्ण जोडी, पुढे येणारी विभक्ती आणि आघात, म्हणजे उच्चारात जोर कुठे येतो ते, हे सगळं मिळून एक शब्द समजायचा.

आघाताची खूण प्रत्येक नव्या शब्दावर हवी, कारण छापील रशियनमध्ये ती नसते. 'पिसात्य', शेवटी आघात, म्हणजे लिहिणं. तोच शब्द आघात सुरुवातीला ओढून 'पीसत्य' म्हटला की अर्थ लघवी करणं. हे पहिल्याच आठवड्यात तुम्हीच सांगून टाका, नाहीतर कोणीतरी तोंडी परीक्षेत शोध लावेल.

प्रश्न : पूर्ण-अपूर्ण प्रकारांच्या व्याख्या मुलं घडाघडा म्हणतात, पण वाक्यात हटकून चुकतात. कुठून सुरुवात करू?

व्याख्या सोडून द्या. मराठी बोलणाऱ्या विद्यार्थ्याच्या तोंडात हा भेद आधीपासून आहे, फक्त तो दाखवून द्यावा लागतो. 'दोन तास वाचत होतो' आणि 'दोन तासांत वाचून काढलं', ही दोन वाक्यं फळ्यावर लिहा. खाली रशियन: 'द्वा चिसा चिताल' आणि 'प्रचिताल झा द्वा चिसा'. पहिल्यात काळाच्या आधी काही नाही आणि क्रियापद अपूर्ण. दुसऱ्यात 'झा' आलं आणि क्रियापद पूर्ण. मराठीत 'तास'चं 'तासांत' होतं तिथेच रशियनमध्ये 'झा' येतं. अशी दहा वाक्यं आळीपाळीनं करून घ्या, वीस मिनिटांत बसतात.

मग खिडकी. वर्गातली खिडकी उघडा आणि विचारा, 'क्तो अत्क्रील अक्नो?' खिडकी कोणी उघडली? ती अजून उघडी आहे, म्हणून पूर्ण. आता ती बंद करा आणि विचारा, 'क्तो अत्क्रिवाल अक्नो?' कोणी उघडली होती? खोली गार पडलीय, पण खिडकी आता बंद आहे. क्रिया संपलेली आहे, तरी क्रियापद अपूर्ण! 'पूर्ण म्हणजे संपलेली क्रिया' ही पाठ केलेली व्याख्या इथेच फुटते, आणि ती फुटायलाच हवी. खरा प्रश्न परिणाम उरला आहे का हा आहे. मराठी 'उघडली' आणि 'उघडली होती' यांतलं अंतर इथे जवळपास तेच आहे. मात्र प्रत्येक 'होती' म्हणजे अपूर्ण, असा नियम मुलांनी बनवला तर लगेच मोडून काढा. मराठीची मदत कान तयार करण्यापुरतीच.

सगळ्यात चिवट चूक भविष्यकाळाची. 'बूदू'च्या (मी असेन) पुढे फक्त अपूर्ण क्रियापद येतं: 'बूदू चितात्य', वाचत बसेन. पूर्ण क्रियापदाला वर्तमानकाळ नसतोच, त्याची वर्तमानासारखी दिसणारी रूपंच भविष्य सांगतात: 'प्रचितायू', वाचून काढेन. तरीही 'बूदू प्रचितात्य' असं वाक्य तुम्हाला रोज ऐकू येईल, कारण मुलं डोक्यात इंग्रजीवरून उलथापालथ करत असतात. त्यावर उपाय भाषणाचा नाही, सरावाचा: रोज पहिल्या तासिकेतल्या आठ वाक्यांपैकी दोन याचीच ठेवा, अगदी शेवटच्या आठवड्यापर्यंत.

दोन नियम मात्र डोळे झाकून पाठ करायला हरकत नाही, त्यांना फाटे नाहीत. सुरू करणं, चालू ठेवणं, थांबवणं यांच्या पुढचं क्रियापद नेहमी अपूर्ण. आणि 'करू नका' म्हणताना अपूर्ण. पूर्ण वापरलं तर ती मनाई राहत नाही, सावधगिरीची सूचना होते: पडशील हं, विसरशील हं.

वेळाचं म्हणाल तर पहिल्या तीन आठवड्यांत नऊ तासिका. जोड्या चाळीसच घ्या, पण त्यात 'गवरीत्य–स्कझात्य' (सांगणं) आणि 'ब्रात्य–व्झ्यात्य' (घेणं) यांसारख्या, एकमेकांशी तोंडओळख नसलेल्या जोड्या आधी. उपसर्ग लावून झालेल्या जोड्या मुलं स्वतः ओळखतात.

प्रश्न : जाण्यायेण्याच्या क्रियापदांच्या चौदा जोड्या आहेत. सगळ्या शिकवाव्यात?

सहा. (या जोड्या पूर्ण-अपूर्णच्या नव्हेत: एक क्रियापद एका दिशेचं, दुसरं जाऊन परतण्याचं.) चालत जाणं, वाहनानं जाणं, उडणं, आणि नेण्याच्या तीन: हातात घेऊन, वाहनातून, आणि माणसाला बरोबर घेऊन. रांगणं, ढकलणं, भटकणं वाचनात येईल तेव्हा येईल.

अडचण दोन ठिकाणी आहे. पहिली अशी की मराठीत 'जातो' म्हटलं की पायी की गाडीनं हे सांगावं लागत नाही. रशियनमध्ये सांगावंच लागतं. दुसऱ्या शहराला जाण्यासाठी 'इत्ती' (पायी जाणं) वापरलं तर ऐकणारा मुलाच्या पायांकडे बघेल. दुसरी अडचण दिशेची, आणि तिथे मराठी पुन्हा धावून येते. 'चाललोय' म्हणजे 'इत्ती', एका दिशेनं, आत्ता. 'रोज जातो' म्हणजे 'खदीत्य', जाणं आणि परतणं मिळून. भूतकाळात तर चोख जमतं: 'पशोल' म्हणजे गेलाय, अजून तिकडेच आहे, 'खदील' म्हणजे गेला होता, आला परत.

'विस्ती'ला जरा थांबा. वाहनातून नेणं आणि माणसाला बरोबर नेणं ही दोन्ही क्रियापदं मूळ रूपात ऐकायला अगदी सारखी आहेत, लिहिताना फक्त एक अक्षर वेगळं. ऐकून लिहायला सांगितलंत तर निम्मा वर्ग चुकेल आणि दोष त्यांचा नसेल. 'मी नेतो' हे रूप आधी द्या: वाहनातून 'विझू', हात धरून 'विदू'. तिथे गोंधळ होत नाही.

उपसर्ग चौथ्या आठवड्यात, त्याच्या आधी नाही. एका दिवशी दोन, तेही विरुद्ध जोडीनं: येऊन पोचणं आणि निघून जाणं, आत आणि बाहेर, जवळ आणि लांब. प्रत्येकाबरोबर त्याचं शब्दयोगी अव्यय घट्ट बांधून द्या, कारण मुलं उपसर्ग बरोबर लावतात आणि पुढे 'पासून'च्या जागी 'मधून' म्हणतात. हा पाठ बसून होत नाही. एकानं दाराशी, टेबलाजवळ, खिडकीपासून लांब असं फिरायचं, दुसऱ्यानं सांगायचं, तिसऱ्यानं चूक पकडायची. मग टेलिफोनचा संवाद: साहेब आहेत का? 'वीशिल' म्हटलं तर जरा बाहेर गेलेत, थांबा. 'उशोल' म्हटलं तर निघून गेले, आज नाही भेटणार.

आणि ज्याला खिडकी समजली त्याला हे फुकटात मिळतं: 'प्रिशोल', आलाय, बसलाय, 'प्रिखदील', येऊन गेला.

प्रश्न : संख्यांनंतरची विभक्ती कशी पक्की करावी?

मुलांची वयं विचारून. विद्यापीठाच्या वर्गात एकोणीस ते बावीस वयाची मुलं असतात आणि नियमाचा पूर्ण नमुना तेवढ्यात येतो: १९ 'ल्येत', २० 'ल्येत', २१ 'गोत', २२ 'गोदा' (तिन्ही 'वर्ष'चीच रूपं). शेवटचा शब्द एक असेल तर प्रथमा एकवचन. दोन, तीन, चार असेल तर षष्ठी एकवचन. बाकी षष्ठी अनेकवचन. अकरा ते चौदा फसवे, ते 'बाकी'त जातात. 'मला एकवीस वर्षं' अशी चतुर्थीची रचना मराठी कानाला थोडी विचित्र वाटते, पण 'मला थंडी वाजते', 'मला हे पुस्तक आवडतं' या वाक्यांची चतुर्थी रशियनमध्ये जशीच्या तशी आहे. वय त्याच रांगेत बसवा.

प्रश्न : कृदंतं घ्यावीत का? बातम्या वाचायच्या तर ती लागतात.

ओळखण्यापुरती, सातव्या आठवड्यात, तीन तासिका. वाचणारा, वाचलेला, वाचताना, वाचून: चारही मराठीत एकेका शब्दात आहेत, त्यामुळे अर्थ पटकन कळतो. बनवायला लावू नका. बातम्या मात्र त्या आधी देऊच नका. मुलाखती, पत्रं, जाहिराती, सूचना द्या. अडीचशे शब्दांच्या उताऱ्यात दहाहून जास्त अनोळखी शब्द नकोत.

प्रश्न : उच्चार सुधारायला या पातळीवर उशीर झालाय का?

काही गोष्टींना नाही. रशियन 'त' आणि 'द' दंत्य आहेत, आपलेच. इंग्रजीतून आलेली मुलं तिथे ट-ड वापरतात. एकदा सांगितलं की सुटतं. 'चमचा'तला च आणि 'चिंच'मधला पहिला च ही रशियनमध्ये दोन वेगळी अक्षरं आहेत, तेही सोपं. 'ई'सारखा जो जाड स्वर आहे त्यासाठी 'ऊ' म्हणा, जीभ तिथेच ठेवा आणि ओठ पसरा. रोज पाच मिनिटं, जोड्यांनी: 'बिल' मृदू ब घेऊन म्हणजे मारलं, जाड स्वर घेऊन म्हणजे होता.

प्रश्न : घरचे निबंध भाषांतराच्या यंत्रातून येतात. काय करावं?

ओळखू येतात: वर्गात षष्ठी चुकणारा मुलगा घरी कृदंतं लिहून आणतो. निबंध वर्गात, हातानं, पंधरा मिनिटांत, ८० शब्द. घरी यंत्राचंच काम द्या: एक मराठी परिच्छेद यंत्रातून काढायचा आणि त्यातल्या पाच क्रियापदांसमोर हाच प्रकार का, दुसरा का नाही, हे लिहायचं. गुण फक्त कारणांना.

प्रश्न : शेवटची परीक्षा कशी असावी?

वर उल्लेख केलेल्या प्रमाणित परीक्षेचे पाच भाग असतात: शब्द-व्याकरण, वाचन, ऐकणं, लेखन, बोलणं. तीच विभागणी घ्या, पण दोन दिवसांत वाटून. बोलण्याचा भाग माणशी बारा मिनिटं, आणि तो आठव्या आठवड्याच्या बुधवारी. शुक्रवारी ठेवलात तर चुका समजावून सांगायला वर्गच उरत नाही.