मदतीचे पाणी कुठे मुरते?

प्रश्न : अमेरिकेने जुलै 2025 मध्ये यूएसएड ही आपली मदतसंस्था गुंडाळली, तेव्हापासून आमच्या घरात एकच वाद चालू आहे. माझ्या मुलाचे म्हणणे असे, की हा पैसा पुढाऱ्यांच्या आणि सल्लागारांच्या खिशात जातो, तेव्हा बंद झाला ते बरेच झाले. माझे माहेर धार जिल्ह्यातले. लहानपणी तिथे पायातून निघालेला नारू काडीवर गुंडाळताना मी पाहिला आहे आणि तो रोग गेलेलाही पाहिला आहे. आमच्यापैकी बरोबर कोण?
— एक वाचक, रामबाग, इंदूर

उत्तर : आपल्या चिरंजीवांचा संशय निराधार नाही. परक्या पैशाने देशाचे एकूण उत्पन्न वाढते का, यावर अर्थतज्ज्ञांचे अजूनही एकमत नाही. मोबुतू या हुकूमशहाच्या झाईरमध्ये (आजच्या काँगोमध्ये) शीतयुद्धाच्या हिशेबाने पैसा ओतला गेला आणि देश मात्र कंगाल झाला. परंतु एखादा ठरावीक रोग घालवायचा असेल, तर निकाल बराच स्पष्ट दिसतो. नारू हा पिण्याच्या पाण्यातून पसरणारा जंताचा रोग; त्याविरुद्धच्या राष्ट्रीय मोहिमेला युनिसेफ आणि जागतिक आरोग्य संघटनेची साथ होती. पायऱ्यांच्या विहिरी सुधारणे, पाणी फडक्यातून गाळायला लावणे, घरोघर रुग्ण शोधणे ही कामे मात्र आपल्याच आरोग्य कर्मचाऱ्यांनी केली. शेवटचा रुग्ण 1996 मध्ये सापडला आणि 2000 साली भारत नारूमुक्त ठरला.

अशा गावांत जे हापसे बसले, त्यांची हकीकत अधिक बोलकी आहे. 1960च्या दशकातल्या दुष्काळात युनिसेफने कातळ भेदणारी बोअरयंत्रे आणली, पण वर बसवलेले बिडाचे पंप एका शेतकरी कुटुंबाच्या वापरासाठी बनवलेल्या परदेशी नमुन्यांवरचे होते, त्यामुळे सारे गाव दिवसभर दांडा मारू लागले की ते मोडून पडत. टिकाऊ पोलादी हापसा सोलापूरच्या एका कार्यशाळेत तयार होत होता, आणि त्याच्याच आधारे पुढे ‘इंडिया मार्क टू’ घडला. (पैसा परका असला तरी नमुना सोलापूरचा, हे सांगताना आम्हाला थोडा अभिमान वाटतो.) त्यातही एक खोड राहिलीच : आतला वायसर बदलायचा तर सगळे पाइप वर ओढावे लागत, त्यासाठी अवजारे आणि चार-पाच माणसे लागत आणि ती येईपर्यंत बायका जुन्या विहिरीवर जात. वायसर गावातच बदलता यावा, म्हणून नंतर ‘मार्क थ्री’ काढावा लागला.

आपल्या इंदुरातही हेच दिसले. ब्रिटिश मदतीतून 1980च्या दशकाच्या अखेरीपासून येथील 180हून अधिक झोपडवस्त्यांत रस्ते, नळ आणि ड्रेनेज घालण्याचे काम झाले, ज्याला 1998 साली आगा खान वास्तुकला पुरस्कार मिळाला. पण कित्येक घरांनी ड्रेनेजची जोडणीच घेतली नाही आणि देखभालीअभावी चेंबर तुंबतात, अशी टीका त्याच प्रकल्पावर झाली. तरीही, त्याच ब्रिटनने त्याच दशकात मदतीच्या नावाखाली आपल्या गळ्यात मारलेल्या 21 वेस्टलँड हेलिकॉप्टरांपेक्षा हे काम शतपटींनी बरे. ती हेलिकॉप्टरे अपघातांनंतर जमिनीवरच राहिली आणि शेवटी कवडीमोलाने विकली गेली. आपले चिरंजीव ज्या मदतीला नावे ठेवतात ती ही, देणाऱ्याच्या कारखान्याला पोसणारी मदत.

यूएसएडमध्ये दोन्ही प्रकार होते, आणि ते न निवडता एकदम दार लावले गेले. एड्सची औषधे रोज घ्यावी लागतात. 2003 पासून पेपफार या अमेरिकी कार्यक्रमातून आफ्रिकेतल्या लक्षावधी रुग्णांना ती मिळत आली, आणि त्यांतली बरीचशी भारतीय कारखान्यांत बनतात. गोळ्या थांबल्या तर काही आठवड्यांत विषाणू पुन्हा वाढू लागतो, आणि ज्या सरकारच्या अर्थसंकल्पात त्या गोळ्यांसाठी तरतूदच नव्हती, त्याला एवढ्या अवधीत ती उभी करता येत नाही. तेव्हा वेस्टलँडपुरते चिरंजीव बरोबर आहेत. ‘बंद झाले ते बरेच झाले’ या वाक्यापुरते आम्ही आपल्या बाजूचे.