म्युनिकला निघण्याआधी: खानापूरच्या एका धाकट्या भावाला

तू कळवलंस की म्युनिकच्या नोकरीचं पत्र हातात आलंय, मुलगी तीन वर्षांची आहे आणि आई-बाबा खानापूरजवळ गावी शेत सांभाळून आहेत. जावं का, मुलीचं मराठी टिकेल का आणि म्हाताऱ्यांचं काय, असे तुझे तीन प्रश्न. मी बेळगावात शहापूरला वाढले आणि लग्न झाल्यापासून, म्हणजे बारा वर्षं, म्युनिकमध्ये आहे. पगार, कर आणि घरभाडं यांचे आकडे तुला कोणीही देईल, म्हणून मी भाषेबद्दल आणि घरच्या माणसांबद्दलच सांगते. माझी मतं जुन्या वळणाची आहेत. तुला ती पटली नाहीत तरी ऐकून घे.

मराठीचं आधी बोलू. सीमाभागात आपण भाषेचा विचार करताना कायम सरकारच्या तोंडाकडं पाहत आलो. 1956 ला बेळगाव तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेलं, 1967 ला या सीमावादावर नेमलेल्या महाजन आयोगाचा अहवाल आला, 2004 ला त्याच वादासाठी महाराष्ट्र सर्वोच्च न्यायालयात गेला. माझे बाबा दर 1 नोव्हेंबरला, म्हणजे कर्नाटकाच्या स्थापनादिनी, निषेध म्हणून दंडाला काळी फीत बांधून सायकल फेरीत जायचे. त्यांचा मला अभिमान आहे आणि तो मी कधी लपवला नाही. पण आमच्या घरात मराठी राहिली ती आईमुळं आणि आजीमुळं. आजी दिवेलागणीला अभंग म्हणायची, आणि आम्ही पाठ म्हटल्याशिवाय ताट वाढलं जात नसे. आई शेजारच्या काकूंशी अस्खलित कन्नड बोलायची आणि उंबरा ओलांडून आत आली की आमच्यावर मराठीत ओरडायची. दोन्ही भाषा तिनं जागच्या जागी ठेवल्या होत्या. इथं आल्यावर मी तेच केलं. बाहेर जर्मन, घरात मराठी, आणि मुलानं जर्मनमध्ये विचारलं तरी उत्तर मराठीत. पहिली दोन वर्षं फार जड गेली. बालवाडीतून आलेला मुलगा सरळ जर्मनमध्येच सुरू व्हायचा, आणि थकलेल्या आईला त्याच भाषेत हूं म्हणणं सोपं वाटतं. तिथं सैल पडलीस तर संपलं, हे तुझ्या बायकोला आत्ताच सांग. रविवारी इथल्या मराठी मंडळात मुलं बाराखडी गिरवतात, त्याचा उपयोग होतो, पण आठवड्यातल्या एका तासानं भाषा येत नाही.

जर्मन मात्र तू मनापासून शीक. ब्लू कार्डवर, म्हणजे उच्चशिक्षितांच्या नोकरीच्या परवान्यावर, आलास तर जर्मनची बी-वन ही मधल्या पातळीची परीक्षा दिल्यावर 21 महिन्यांत कायमच्या वास्तव्याचा परवाना मागता येतो. नुसत्या ए-वनवर, म्हणजे अगदी पहिल्या पातळीवर, 27 महिने थांबावं लागतं. पण परवान्यासाठी म्हणून शिकू नकोस. ज्यांच्या गावात आपण राहतो त्यांची भाषा बोलणं ही मला साधी माणुसकी वाटते, आणि हे मी काळी फीत बांधणाऱ्या बापाची लेक म्हणून सांगते. सक्ती आणि आदर यातला फरक आपल्याइतका कोणाला कळणार?

एकदा उन्हाळ्यात आम्ही गाडीनं दक्षिण टायरोलला गेलो होतो. पहिल्या महायुद्धानंतर हा जर्मन बोलणारा मुलूख इटलीकडं गेला. मुसोलिनीच्या काळात शाळांतून जर्मन हद्दपार झालं, गावांची नावं बदलली, तेव्हा लोकांनी शेतघरांत आणि माळ्यांवर चोरून मुलांना जर्मन शिकवलं. 1946 चा करार आणि 1972 ची स्वायत्तता यांतून तिथं जर्मन माध्यमाच्या शाळा आणि दोन भाषांतल्या पाट्या कायद्यानं आल्या. तिथल्या मुख्य शहराची बोत्सन हे जर्मन आणि बोल्झानो हे इटालियन अशी दोन्ही नावं एकाच पाटीवर, आणि कुणी डांबर फासलेलं नाही. त्या पाटीखाली मी बराच वेळ उभी राहिले. बाबांना फोटो पाठवला. ते फोनवर एवढंच म्हणाले, "माळ्यावर शिकवलं म्हणतीस?" ते गेले त्याला आता चार वर्षं झाली.

इथल्या 1 नोव्हेंबरचंही सांगते. बव्हेरियात, म्हणजे म्युनिकच्या राज्यात, तो सर्व संतांचा दिवस, सरकारी सुट्टी. घरंच्या घरं कब्रस्तानात जातात, पणत्या लावतात, नातवंडं पणजोबांच्या नावावरची पानं झाडतात. रविवारी दुकानं बंद असतात ती कायद्यानं. सुरुवातीला दूध संपलं की चिडचिड व्हायची, आता तो दिवस मला फार मोलाचा वाटतो: चौघं एका ताटाभोवती, कुणाला कुठं पळायचं नाही. मूल झाल्यावर तीन वर्षांपर्यंत नोकरी राखून घरी राहता येतं. मी राहिले. ऑफिसातल्या काहींना ते मागासलेपण वाटलं, मला त्याची खंत नाही. शाळेची उन्हाळी सुट्टी ऑगस्टपासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत असते, म्हणून बऱ्याच वर्षी गणपतीला बेळगाव गाठता येतं. दिवाळी मात्र बहुतेकदा इथंच, आणि शाळा चालू असताना सणासाठी रजा मिळेल असं धरून चालू नकोस.

राजकारणाचं थोडक्यात. इथं तुला मत नाही. भारतातलं मत द्यायला स्वतः मतदान केंद्रावर जावं लागतं, म्हणजे मे महिन्यातल्या तिकिटाचा खर्च. मग माणूस दोन्हीकडच्या बातम्यांवर रात्र-रात्र फोनवर भांडतो आणि दोन्ही गावांत कुणाच्या उपयोगी पडत नाही. त्यापेक्षा गल्लीच्या मंडळाची वर्गणी वेळेवर पाठव आणि इथल्या शाळेच्या पालकसभेला न चुकता जा.

आता तुझा खरा प्रश्न. 1 मार्च 2024 पासून पुढं पहिला परवाना मिळालेल्या कुशल कर्मचाऱ्यांना आई-वडिलांना बोलावून घेण्याची वाट कायद्यानं उघडली आहे. पण त्यांचा खर्च आणि इथला आरोग्यविमा तुला दाखवावा लागतो, आणि सत्तरीतल्या माणसाचा विमा मिळवणं हीच खरी अडचण आहे. नाहीतर भेटीचा व्हिसा: 180 दिवसांत 90 दिवस. आई-वडिलांना बोलावून घेण्याची वाट आमच्यासाठी नव्हती. बाबा आजारी पडले तेव्हा मी विमानात होते, आणि घरी पोचले तेव्हा मांडव घालून झाला होता. हे तुला घाबरवायला सांगत नाही. एकुलत्या मुलानं हे डोळ्यांसमोर ठेवूनच हो म्हणावं, एवढ्यासाठी सांगते. गावात रात्री दोनला गाडी काढून आईला दवाखान्यात नेईल असा माणूस कोण, त्याचं नाव तुला ठाऊक हवं, आणि त्यालाही ते ठाऊक हवं. चुलतभावाशी समोर बसून बोल, नुसते पैसे पाठवतो म्हणून मोकळा होऊ नकोस. बाबांना पगाराचा आकडा सांगण्याआधी दरवर्षी किती दिवस घरी येणार ते सांग.

आणि निघण्याआधी आई-बाबा दोघांचे पासपोर्ट काढून घे. आपल्याकडं जुना शाळेचा दाखला मराठीत, रेशनकार्ड कन्नडमध्ये, आधारवर तिसरंच स्पेलिंग. माझ्या आईचं आडनाव तीन कागदांवर तीन तऱ्हेनं होतं, ते एकसारखं करायला सात महिने गेले. तुझ्या आईचे कागद आजच रात्री काढून बघ.