भगव्याची सावली काळ्याने होत नाही (आणि बाटलीवरच्या लेबलवर जाऊ नका)

तुम्ही लिहिलंय की दिवाळीच्या किल्ल्यासाठी मावळे रंगवायला घेतलेत, फेट्याच्या चुण्यांत काळा मिसळून सावली दिली तर भगवा मळकट होतोय, आणि वरून दुसरा हात फिरवला की खालचा रंगच ब्रशला लागून येतोय. वाचून जुना राग उसळला बघा. या दोन वेगवेगळ्या अडचणी आहेत. प्रायमर, ब्रश वगैरे तुम्हाला माहीत असणारच, त्यात जात नाही.

पहिली सोपी. भगव्यात पिवळा असतो आणि पिवळ्यात काळा पडला की शेवाळी झाक येते. बेळगावजवळच्या राजहंसगडावर सिद्धेश्वराच्या देवळात गेलात तर चारच्या उन्हात एखाद्या भगव्या झेंड्याकडे नीट बघा. घडीच्या आत विटकरी लाल दिसतो, काळा कुठेच नाही. म्हणून पहिल्या सावलीला भगवा तीन भाग, बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी) एक भाग. अगदी खोल चुणीत नुसता बर्न्ट सिएना, त्यात थेंबभर क्रिमसन (गडद लाल) आणि सुईच्या टोकावर मावेल एवढाच अल्ट्रामरीन (गडद निळा). निळा हा भगव्याचा विरोधी रंग, जरा जास्त झाला की भगवा मेलाच. पांढऱ्या अंगरख्याला पांढऱ्यात किंचित रॉ अंबर (मातकट तपकिरी) आणि अल्ट्रामरीन. हे माप माझ्या हाताचं आहे, तुमचा भगवा मुळात लालसर असेल तर बदलेल.

दुसरी अडचण मात्र तुमच्या हाताची नाही, बाटलीची असावी, असा माझा तरी संशय आहे. एका मंडळाच्या किल्ल्याचे मावळे माझ्याकडे होते. गावातल्याच एका दुकानातून अॅक्रिलिक म्हणून सुट्या बाटल्या आणल्या. सावलीचा पातळ हात दिला आणि भगवा विरघळून अंगरख्यावर ओघळला, एकूण एक मावळ्याचा. लेबल सोललं तर खाली दुसरं लेबल, पोस्टर कलरचं! दुकानदार म्हणाला, "पाणी जास्त घातलं असणार तुम्ही." एजंट म्हणाला, कंपनीला विचारा. कंपनीने बॅच नंबर मागितला, तो सुट्या बाटलीवर कुठून येणार? बिलावर नुसतं "कलर साहित्य". पैसे गेले ते गेले, मंडळाने पुढच्या वर्षी काम दुसऱ्याला दिलं. गिऱ्हाइकालाच खोटं पाडायची ही सवय आपल्या बाजारात फार आहे, असो.

तर आधी तपासा. जाड कागदावर रंगाचा पट्टा ओढा, रात्रभर वाळू द्या, सकाळी ओल्या इअरबडने घासा. बड चांगलाच रंगला तर तो पोस्टर कलर. खरा अॅक्रिलिक वाळला की पाण्याने सुटत नाही. रंगवून झालेले मावळे फेकू नका. मॅट वार्निशचा हलका स्प्रे मारा, पूर्ण वाळू द्या, मग सावली. ब्रशने वार्निश लावू नका, त्यानेही रंग उठू शकतो. आणि आपल्याकडे परतीचा पाऊस दिवाळीपर्यंत रेंगाळतो, हवा दमट असताना स्प्रे मारला तर वर दुधी थर चढतो. ऊन पडेल त्या दिवशी मारा.

अॅक्रिलिकमध्येही नुसतं पाणी वाढवत जाऊ नका, चिकटपणा जातो आणि डाग पडतात. थोडं मीडियम (रंग पातळ करायला मिळणारं अॅक्रिलिकचंच रंगहीन द्रव) घाला. पीओपीचे मावळे असतील तर अस्तर (प्रायमर) दोनदा, नाहीतर पीओपी पाणी शोषून घेतं आणि सावली कडेलाच थांबते.

एक राहिलंच. बर्न्ट सिएना घेताना ट्यूबवरचा पिगमेंट कोड, म्हणजे आत कोणतं रंगद्रव्य आहे ते सांगणारा क्रमांक, वाचा. पीबीआर ७ (PBr7) किंवा पीआर १०१ (PR101) असेल तर ठीक. सोबत पीबीके (PBk) ने सुरू होणारा कोड दिसला तर त्यात काळा घातलेला आहे, म्हणजे जो टाळायचा तोच ट्यूबमधून येणार. स्वस्त सेटमध्ये बऱ्याचदा कोड छापलेलाच नसतो, तसा सेट मी घेत नाही, तुमची मर्जी. तुमच्या ट्यूबच्या मागच्या बाजूचा फोटो टाका, बघून सांगतो.