तुमच्या मुलीनं कॅमेरा खाली घेतला, ते बरोबरच होतं

प्रश्न : माझा तासगावात फोटो स्टुडिओ आहे. लग्नाचे अल्बम करण्यात माझी हयात गेली. मुलगी बारावी सायन्सला आहे, तिचा हात चांगला आहे. तिनं ऑलिम्पिकचे फोटो काढावेत, दुष्काळात-युद्धात मदत करणाऱ्या संस्थांबरोबर जग फिरावं, असं आमचं ठरलंय. लांबचं टिपणारी ७०-२०० ची लेन्स हप्त्यावर घेतली. कोणता कोर्स करावा? कुंडलच्या कुस्ती मैदानाचे आणि सांगलीतल्या पूरग्रस्तांच्या निवारा केंद्रातले फोटो सोबत जोडले आहेत. – एक पालक

उत्तर : तुमच्या पूर्ण पत्रात ‘आमचं ठरलंय’ चार वेळा आलंय. मुलगी काय म्हणते, ते एकदाही नाही.

निवारा केंद्रातल्या आजींच्या फोटोखाली तुम्ही कौतुकानं लिहिलंय, ‘ही कॅमेरा खाली घेत होती. मीच आजींना म्हटलं, जरा पदर डोळ्याला लावा.’ हे वाचून मी पत्र बाजूला ठेवलं. लग्नात ‘नवरीबाई, मान जरा इकडं’ चालतं, तुमचा धंदाच तो. पण घरात पाणी शिरलेल्या बाईला रडायला लावणं बातमीच्या छायाचित्रणात फसवणूक धरतात, आणि अशी फ्रेम उघडकीला आली की छायाचित्रकाराचं काम जातं. पोरीला हे कुणी शिकवलं नव्हतं, तरी कळलं. तुम्ही तिला उलटं शिकवलंत. तो फोटो कुठंही पाठवू नका.

मदतकार्याच्या फोटोग्राफीबद्दल तुमचा आणखी एक गैरसमज आहे. संस्था एखाद्याला कॅमेरा देऊन जगभर फिरवतात, असं तुम्ही धरून चाललात. हल्ली बऱ्याच संस्था त्या त्या भागातलाच माणूस घेतात, कारण त्याला भाषा येते आणि लोक त्याच्याशी बोलतात. तुमची मुलगी जतच्या सीमेवरच्या गावात कन्नडमध्ये चार वाक्यं बोलू शकली, तर लेन्सपेक्षा त्याचा उपयोग जास्त. शिवाय फोटो काढण्याआधी माणसाची परवानगी घ्यावी लागते, शक्यतो लेखी. ‘नको म्हणालात तरी धान्य मिळणारच आहे’ हे त्याला समजावून सांगावं लागतं. रांगेत उभ्या माणसाला ते आपोआप कळत नसतं.

ऑलिम्पिकचं थोडक्यात : मैदानाच्या कडेला बसायची परवानगी नुसत्या अर्जावर मिळत नाही. छायाचित्रकारांचा कोटा बहुतांशी देशोदेशीच्या ऑलिम्पिक समित्यांमार्फत वाटला जातो आणि तो वर्तमानपत्रं, वृत्तसंस्थांत आधीपासून काम करणाऱ्यांच्या वाट्याला येतो. म्हणजे आधी जिल्ह्याची कबड्डी, मग राज्य, मग पुढचं.

कोर्स : उपयोजित कलेच्या पदवीला राज्याची एएसी सीईटी ही प्रवेश परीक्षा, पदवीनंतर गांधीनगरच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत (एनआयडी) फोटोग्राफी डिझाइन. तिला बीएस्सी करायची असेल तर तीही चालेल, फोटो अडत नाहीत.

आता कुस्तीचे फोटो. शटर स्पीडचं तुम्हीच मला शिकवाल, त्यावर मी बोलत नाही. पैलवान हवेत उचललाय ती फ्रेम तुम्ही सगळ्यात वर ठेवलीत, खाली ‘अप्रतिम क्षण’. पैलवानाचं नाव कुठाय? गाव? डाव कोणता? वृत्तसंस्थेत फोटो काही मिनिटांत या माहितीसकट जावा लागतो. नाव चुकलं तर फोटो कितीही चांगला असो, उपयोग नाही.

सगळ्यात खाली, ‘हा चुकून आला, माफ करा’ असं लिहून एक फोटो ठेवलाय. हरलेला पोरगा आखाड्याच्या कडेला बसून करंगळीनं कानातली लाल माती काढतोय. मागं हलगीवाला दुसरीकडंच बघून वाजवतोय. सहा फोटोंत मी परत परत पाहिला तो हाच. तो तिनं का काढला, हे तिला विचारा आणि उत्तर मला तिच्याच अक्षरात पाठवा. पुढचं पत्रही तिनंच लिहावं. तिला डॉक्टर व्हायचं असेल, तर तेही त्यात असू दे.

लेन्सचे हप्ते तुमचे आहेत, तिच्यासमोर त्यांचा विषय काढू नका. पुढच्या मैदानाला तिला मैत्रिणीबरोबर एसटीनं जाऊ द्या. तुम्ही त्या दिवशी स्टुडिओ उघडा ठेवा.