परड्यातली भिंत आणि तिच्यामागचं पाणी

प्रश्न : आमच्या परड्यामागची काळ्या मातीची कड चार फूट उंच आहे, पावसाळ्यात ढासळते. सहा इंची सिमेंट ब्लॉकची भिंत पुरेल, असं गवंडी म्हणतो. बांधू का?
– एक वाचक, फुलेवाडी, कोल्हापूर

उत्तर : नका बांधू. सहा इंची भिंत कंपाउंडला ठीक. चार फूट मातीचा रेटा तिला पेलणार नाही. त्यातून काळी माती, पाणी प्यायली की फुगते. अशा भिंती बहुतेकदा मागं तुंबलेल्या पाण्यानं पडतात, म्हणून आधी निचरा बघा. भिंतीमागं फूटभर रुंदीत खडी भरा, काळी माती भिंतीला टेकू देऊ नका. खडी आणि मातीच्या मध्ये जिओटेक्स्टाइल, म्हणजे पाणी जाऊ देणारं पण माती अडवणारं कापड हवंच, नाहीतर खडी गाळानं बुजते. तळाशी दर चार-पाच फुटांवर तीन इंची पीव्हीसी पाइप, बाहेर उतार देऊन. पाइपाच्या आतल्या तोंडाला जाळी लावताना स्वतः उभे राहा. हे काम हमखास राहून जातं. ब्लॉक आठ इंची पोकळ घ्या, आरसीसी पायातून सळ्या वर काढून पोकळीत काँक्रीट भरा. सळीचं माप आणि पायाची रुंदी इंजिनिअरकडूनच घ्या. काम मेअखेर उरका.